‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

मागच्या उन्हाळ्यात एक आई कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या गालांवर आणि हनुवटीवर तपकिरी-काळे ओघळ उमटले होते. “डॉक्टरसाहेब, हिनं बाजारातली सगळी क्रीम बंद केली. आता फक्त घरचंच लावते. तरी असं कसं झालं?” आईचा प्रश्न रास्त होता. चौकशीत कळले, की मुलगी तोंडाला लिंबू चोळून तशीच गच्चीवर पापड वाळत घालायला बसली होती. लिंबाच्या सालीत व रसात असे घटक असतात, की ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते. मागे राहिलेले डाग जायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

मुलीचा हेतू मात्र चांगलाच होता. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये स्टिरॉइड असते. त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढे त्वचा पातळ होते, पुरळ येते, लव वाढते. काहींत पारा सापडला आहे आणि तो मूत्रपिंडाला घातक आहे. लेबल नसलेली अशी क्रीम आजच फेकून द्यावीत, असेच मी सांगेन. प्रश्न आहे तो त्यांच्या जागी काय आणायचे, हा. तिथे आपण ‘नैसर्गिक’ हा एक शब्द वाचतो आणि डोळे मिटून विश्वास टाकतो.

सुरम्याचेच पाहा. तो दगड निसर्गातलाच, पण पुष्कळदा त्यात शिसे असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. घरी दिव्यावर धरलेले काजळ आपण बोटाने बाळाच्या डोळ्यात घालतो, त्या बोटाबरोबर जंतूही जातात. बाळाच्या डोळ्यात काजळ नको, हे मी गेली पंचवीस वर्षे सांगतो आहे आणि आज्यांची नाराजी ओढवून घेतो आहे!

मेंदीचेही तसेच. पाल्याची खरी मेंदी काही तास ठेवावी लागते आणि नारिंगी-तपकिरी रंगते. अर्ध्या तासात काळीभोर रंगणाऱ्या मेंदीत बहुधा केस काळे करण्याच्या कलपातले रसायन मिसळलेले असते. त्याने हातावर फोड येतात. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते; पुढे कधी कलप लावला तर चेहरा सुजतो.

आणि कुंकू? जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीपासून करीत. आज सुटे मिळणाऱ्या लालभडक पुडीत हळद किती आणि कृत्रिम रंग किती, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या भगिनीही मी पाहिल्या आहेत. कपाळ खाजू लागले की टिकली लगेच बंद करावी, डागाची वाट पाहू नये.

माझे मत स्पष्ट आहे. बदल जरूर करावा, पण वस्तूचे नाव न पाहता तिच्यात काय आहे ते पाहून. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर ती वस्तू ‘आयुर्वेदिक’ असो की ‘हर्बल’, घेऊ नये. कोणतीही नवी वस्तू, घरची असली तरी, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस पाहावे. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक निथळू द्यावा, तो आग करतो. घरचा लेप त्याच दिवशी संपवावा. कोरड्या त्वचेला मुलतानी माती रोज लावू नये. मेंदीचा कोन विकत आणण्यापेक्षा पाला वाटावा. मात्र कलपातले ते रसायन पाल्यात मिसळून घरची मेंदी काळी करण्याचा मोह टाळावा.

त्या मुलीचे डाग पावसाळा सरता सरता गेले. औषध फारसे लागले नाही. लिंबू थांबले आणि उन्हात जाताना ती ओढणी घेऊ लागली. लिंबू सरबतात घालावे, भातावर पिळावे. चेहऱ्यासाठी साधा साबण, स्वच्छ पाणी आणि थंडीत थोडे खोबरेल तेल बहुतेकांना पुरते.