पडद्यावरची वीज आणि रानातली वीज

चित्रपटातील वादळी रात्र तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. दूर डोंगरामागे वीज चमकते आणि त्याच क्षणी कानठळ्या बसवणारा कडकडाट होतो. मोबाइलवरच्या आणि संगणकावरच्या अनेक खेळांतही असेच घडते. "करमणुकीत एवढे काय पाहायचे?" असे कोणी म्हणेल. माझ्या मते ही चूक सुधारायला हवी. कारण तिचा संबंध माणसांच्या जिवाशी आहे.

आधी हिशेब पाहू. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, तर ध्वनी हवेतून सुमारे ३४० मीटर. म्हणजे आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ ३ सेकंद लागतात. समजा, बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरात चित्रीकरण चालू आहे आणि ४ किलोमीटरवरच्या रानात वीज पडली. लखलखाट तत्क्षणी दिसेल; आवाज मात्र १२ सेकंदांनी येईल. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. तेव्हा दोहोंमध्ये २८८ चौकटी जायला हव्यात. पडद्यावर त्यांतली एकही जात नाही!

दुसरी चूक आवाजाच्या जातीची. वीज कित्येक किलोमीटर लांब असते. ती लांब पडली, की तिच्या निरनिराळ्या भागांचा आवाज मागेपुढे पोचतो आणि लांबत जाणारी घरघर ऐकू येते. जवळच्या विजेचा आवाज एकदम फुटतो. आपल्या भाषेत दोहोंना वेगळे शब्द आहेत : जवळचा तो कडकडाट, दूरचा तो गडगडाट. चित्रपटात मात्र साठवलेला एकच आवाज कोठेही चिकटवतात. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाईन' या चित्रपटासाठी मुद्रित केलेला गडगडाट पुढे कित्येक दशके इतर चित्रपटांत वाजत राहिला.

आता मुख्य मुद्दा. वीज आणि आवाज खरोखरच एकाच वेळी आले, तर वीज अगदी शेजारी पडलेली असते. पडदा हा सर्वांत भयंकर प्रसंग रोजचा म्हणून दाखवतो. तो पाहून वाढलेल्या मुलाला रानात वीज दिसते, लगेच आवाज येत नाही, आणि त्याला वाटते, "गेली! आपल्याला काही भीती नाही." तो शेळ्या घेऊन झाडाखालीच थांबतो. मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजेने माणसे आणि जनावरे दगावतात. ढगापासून दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला, की आपण तिच्या टप्प्यात आहोत असेच समजावे, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाचा आसरा घेऊ नये. टेकडीच्या माथ्यावर किंवा उघड्या माळावर थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अॅप परिसरातील विजांची सूचना देते. ते जरूर वापरावे. पण मोबाइल नसला तरी कान आहेतच.

दिग्दर्शक म्हणतील, इतके थांबल्याने प्रसंगाची पकड सुटते. हे मला पटत नाही. १९८२ च्या 'पोल्टरगाइस्ट' या अमेरिकन चित्रपटात वडील घाबरलेल्या मुलाला वीज चमकल्यावर आकडे मोजायला शिकवतात. तेथे भीती आणि उत्कंठा त्या मोजण्यातच आहे. संगणकीय खेळांना तर ही सबबही नाही. वीज कोठे पडली आणि खेळाडू कोठे आहे, हे संगणकाला ठाऊक असते. अंतराला ३४० ने भागून तितके सेकंद आवाज थांबवणे, एवढेच काम!

शिक्षकांना एक विनंती. वर्गात चित्रपटातील वादळाचा प्रसंग दाखवा आणि मुलांना वेळ मोजू द्या. सेकंदाचे घड्याळ नसेल, तर 'एक हजार एक, एक हजार दोन' असे सावकाश म्हटले तरी चालेल. प्रत्येक आकड्याला साधारण एक सेकंद लागतो. सेकंदांना ३ ने भागले, की किलोमीटर मिळतात. उत्तर शून्य आले, तर नायकाचे काय व्हायला हवे होते, हे मुलांनाच विचारा. आणि खरे आभाळ गरजू लागले, तर ही मोजणी घराच्या आतूनच करायची, हेही त्यांना सांगा.