संगणक सुरू होईना, तेव्हा

इंदूरहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरचा टेबलावरील संगणक दोन आठवड्यांपासून नीट सुरू होत नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो. पाहावयास आलेल्या कारागिराने पाच मिनिटांत निकाल दिला, “फॉरमॅट मारावा लागेल.” त्या संगणकात त्यांच्या दिवंगत सासूबाईंची छायाचित्रे आहेत, तसेच सासूबाईंच्याच आवाजातील जात्यावरच्या ओव्या आहेत. दुसरी प्रत कोठेही नाही. काय करावे, असे त्या विचारतात.

भगिनी, फॉरमॅटला तूर्त होकार देऊ नये. फॉरमॅट म्हणजे साठ्यातील सारे पुसून नव्याने मांडामांड करणे. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधून पुसलेले काही वेळा परत मिळते. एसएसडी जातीच्या साठ्यातून मिळण्याची आशा फारच थोडी. कारागिरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ह्या उपायाने पुष्कळ दुखणी खरोखर बरी होतात आणि वेळही वाचतो. मात्र वेळ त्यांचा वाचतो, ओव्या आपल्या जातात.

शिवाय आपल्या दुखण्यावर हा उपाय लागू पडेल असे दिसत नाही. कळ दाबल्यावर संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो : वीज, स्मृतिपट्टी म्हणजे रॅम, पडदा. मग उत्पादकाचे चिन्ह झळकते आणि त्यानंतरच तो डिस्ककडे वळून विंडोज उचलतो. चिन्हसुद्धा दिसत नसेल, तर यंत्र बहुधा अजून उंबरठ्यावरच अडले आहे; त्यासाठी माजघर धुऊन काढण्यात काय अर्थ?

तेव्हा उंबरठाच पाहावा. पडद्याची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे काय, पडद्याला स्वतःची वीज मिळते काय, हे आधी पाहावे. हसू नका, पुष्कळ तक्रारी येथेच संपतात. नंतर वायर भिंतीतून काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी उघडून तिच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा व मग रॅमची पट्टी काढावी. माळव्याच्या उन्हाळ्यातील धूळ ह्या पट्टीच्या सोनेरी दातांवर बसते. मुलांच्या दप्तरातील खोडरबराने ते दात हलकेच घासावेत, भुगा झटकावा आणि पट्टी ‘खट्’ आवाज होईपर्यंत परत बसवावी. यंत्र ‘बीप’ करीत असेल, तर ते किती वेळा व लांब की आखूड, हे लिहून ठेवावे. प्रत्येक उत्पादकाची खूण निराळी असल्याने कारागिराला ह्या टिपणाचा मोठा उपयोग होतो.

वीज जाताच घड्याळ काही वर्षे मागे जात असेल, तर आतील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. त्याचे नाव सीआर २०३२. रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट. आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये संगणकांची दुकाने दाटीने आहेत, तेथे तो सहज मिळावा.

चिन्ह दिसून पुढे निळा पडदा येत असेल, तर गोष्ट वेगळी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक असेच अडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तेव्हाही फॉरमॅट करावे लागले नाही. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की पुष्कळसे काम भागत होते. घरच्या संगणकातही सुरुवात लागोपाठ फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे करते. त्यातूनच सेफ मोडकडे जाता येते.

एवढे करूनही यश न आले, तर कारागिराला सांगून डिस्क बाहेर काढवावी, यूएसबीच्या डबीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडवावी आणि ओव्या व छायाचित्रे प्रथम उतरवून घ्यावीत, दुरुस्ती मागाहून. डिस्कमधून ‘टक्‌टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र पुन्हा एकदाही सुरू करू नये. अशा डिस्कचे दुखणे प्रत्येक प्रयत्नागणिक वाढते, आणि ते काम विदासाठा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराचेच.

ज्यांच्या घरी नवा लॅपटॉप आहे, त्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकरचे कुलूप आपोआप लागलेले असते; डिस्क दुसरीकडे जोडताच ते ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा घरच्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. यंत्र चालू आहे तोवरच ती शोधून रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवावी.