सायकल शर्यत पाहायची कुठून? अन् मोक्याची जागा कोणाची?

मंडळी, जानेवारीत पुण्यात झालेल्या ग्रँड टूरबद्दल एक वाक्य मी आपल्या इकडच्या किमान चार-पाच जणांकडून ऐकलं. त्या दिवसांत कामानिमित्त पुण्यात असलेले, पोराकडे गेलेले, हौसेनं रस्त्यावर उभे राहिलेले लोक. सगळ्यांचं म्हणणं एकच: "दोन तास उभा होतो भाऊ, अन् दहा सेकंदात सगळे भुर्रकन निघून गेले. पाहिलं काय, तर काहीच नाही!"

माझं उत्तर असं की खेळात खोट नव्हती, जागा चुकली. पण ही चूक पाहणाऱ्याची कमी अन् त्याला कोणी काही सांगितलंच नाही, याची जास्त आहे. आज यावर थोडं सविस्तर लिहितो. कारण अशी शर्यत उद्या विदर्भात यावी असं मला मनापासून वाटतं, अन् ती आली तर आपण कुठे उभे असू, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

आधी थोडी माहिती. १९ ते २३ जानेवारी २०२६, पाच दिवस, एकूण ४३७ किलोमीटर. जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची पुरुषांची टप्प्याटप्प्यांची शर्यत. पहिल्या दिवशी पुणे शहरात छोटी प्रोलॉग, मग चार मोठे टप्पे. मुळशी-मावळ, पुरंदर, भोर, राजगड, बारामती असा जिल्हाभर फेरा अन् शेवट पुन्हा पुणे शहरात. देशोदेशीचे सायकलपटू आपल्या गावखेड्यांच्या रस्त्यावरून गेले. आपल्या देशासाठी ही साधी गोष्ट नाही.

आता जागेचं गणित. हे शाळेतलंच गणित आहे, घाबरू नका.

सपाट रस्त्यावर सायकलपटूंचा घोळका ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास पळतो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. घोळका दीडशे-दोनशे मीटर लांब असला तर तुमच्यासमोरून जायला त्याला लागतात बारा ते सोळा सेकंद. खिशातून मोबाईल काढेपर्यंत संपलं! वेग इतका असण्याचं कारण म्हणजे हवा. पुढचा गडी वारा कापतो, मागच्यांची बरीच ताकद वाचते, म्हणून सगळे चिकटून पळतात. सपाट सरळ रस्त्यावर उभं राहणाऱ्याला मग रंगीत टी-शर्टचा एक झोत तेवढा दिसतो.

हाच घोळका चढावर आला की खेळ बदलतो. वेग ताशी १८-२० वर येतो. वारा कापण्याचा फायदा कमी होतो, ज्याच्या पायात जोर तो पुढे, बाकीचे मागे. घोळक्याची माळ होते, माळेचे मणी सुटतात. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. चेहरे दिसतात, घाम दिसतो, कोण मेटाकुटीला आला अन् कोण उसनं हसू आणतोय तेही दिसतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे जुने शौकीन बोरघाटात का उभे राहायचे, याचं उत्तर हेच आहे. 'घाटाचा राजा' हा किताब उगाच नाही आला. लोकांना खरी शर्यत घाटातच दिसत होती.

फ्रान्समध्ये १९०३ पासून टूर द फ्रान्स चालते. तिथे आल्प द्युएझ नावाचा घाट आहे, त्याला एकवीस वळणं. लोक दोन-दोन, तीन-तीन दिवस आधी तंबू ठोकून, गाड्या लावून तिथे मुक्काम करतात. म्हातारे, पोरं, सगळं कुटुंब. आपल्याकडे पोळ्याला किंवा मारबतीला लोक जसे मोक्याचा ओटा धरून बसतात, तसंच. अन् तिकीट? घाटात उभं राहायला एक पैसा नाही. जगातला एवढा मोठा खेळ अन् रस्त्याच्या कडेला फुकट! क्रिकेटचं तिकीट जामठ्याला कसं मिळतं ते आपल्याला ठाऊक आहेच.

तर, पुढे कधी अशी शर्यत पाहायचा योग आला तर या गोष्टी लक्षात ठेवा.

एक. चढाची जागा निवडा, तीही वळणाच्या वरच्या बाजूला. खालचा रस्ता दिसला पाहिजे. मग शर्यत येताना दिसते, समोरून जाते अन् पुढच्या वळणावर पुन्हा दिसते. एकाच जागेवर तीन वेळा.

दोन. शहरात असाल तर प्रोलॉग किंवा टाइम ट्रायल गाठा. त्यात एकेक गडी ठरावीक अंतरानं सोडतात. मिनिटाला एक धरला अन् दीडशे जण असले तर अडीच तास खेळ चालतो. लेकराबाळांना घेऊन जायला यापेक्षा बरं काही नाही.

तीन. एकाच वर्तुळात फेऱ्या असतील तर तो मार्ग शोधा. प्रत्येक फेरीला तेच लोक पुन्हा दिसतात, हळूहळू नंबर अन् टी-शर्ट ओळखू येतात, आपला एखादा आवडता ठरतो. खेळात जीव अडकतो तो असा.

चार. अंतिम रेषेजवळच जायचा हट्ट नको. तिथे कठडे, गर्दी अन् डोकी. शेवटच्या पाचशे मीटरपेक्षा दोन किलोमीटर आधीचं वळण कितीतरी चांगलं.

पाच. रस्ता बंद व्हायच्या आधी पोहोचा, सावली बघा, पाणी जवळ ठेवा. पोलिसांच्या मोटारसायकली दिसल्या की शर्यत जवळ आली समजा. घोळका गेला म्हणून लगेच रस्त्यावर उतरू नका. मागे संघांच्या गाड्या येतात, रुग्णवाहिका येतात, रखडलेले सायकलपटू येतात. सगळ्यात शेवटी येते ती थकलेल्यांना उचलून घेणारी गाडी. तिला तिकडे झाडूगाडीच म्हणतात. ती गेली की शर्यत गेली.

सहा, अन् हे सगळ्यात महत्त्वाचं. हात, झेंडा, मोबाईल, कुत्रं, काहीही रस्त्याच्या आत नको. २०२१ च्या टूर द फ्रान्समध्ये पहिल्याच दिवशी एक बाई कॅमेऱ्याकडे पाहत पुठ्ठ्याची पाटी धरून पुढे झुकली. एक सायकलपटू त्या पाटीला धडकला अन् मागचे पन्नासेक जण एकावर एक कोसळले. पुण्यातही पहिल्या मोठ्या टप्प्यात घोळका पडलाच. रस्ते आपल्याकडे अरुंद आहेत. म्हणून उतारावरच्या वळणाच्या बाहेरच्या कडेला तर चुकूनही थांबायचं नाही. घसरलेली सायकल तिकडेच येते.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येतो.

नागपूर सपाट आहे, इथे काय सायकल शर्यत होणार, असं म्हणणाऱ्यांनी एकदा फुटाळ्यापासून वायुसेनानगरकडे सायकल मारून पाहावी. सेमिनरी हिल्सचा चढ फार मोठा नाही, पण दहा वेळा चढवला तर भल्याभल्यांचे पाय बोलतात. तेलंगखेडी, जपानी गार्डन, सिव्हिल लाइन्स, लॉ कॉलेज चौक, रविनगर, फुटाळा. या परिसरात फेऱ्यांची शर्यत घेतली तर सकाळी फिरायला येणारं अर्धं नागपूर आपसूक प्रेक्षक होईल. झाडांची सावली आहे, तलाव आहे, तर्रीपोहे हाकेच्या अंतरावर आहेत. आणखी काय पाहिजे?

दुसरा टप्पा रामटेकला न्या. शेवट गडाच्या पायथ्याशी नको, गडाच्या चढावर ठेवा. एका बाजूला अंबाळा तलाव, दुसरीकडे खिंडसी. यात्रेला माणूस जमवायचं रामटेकला शिकवावं लागत नाही.

अन् खरी परीक्षा घ्यायची असेल तर चिखलदरा आहे. परतवाड्याच्या सपाटीवरून हजार-अकराशे मीटर उंचीवर चढणारा रस्ता, एका मागून एक वळणं, खाली दरी, वर कॉफीचे मळे. फक्त वाघांच्या जंगलातून, सेमाडोहच्या बाजूनं नको. गाड्यांचा ताफा अन् हेलिकॉप्टर यांचं तिथे काम नाही. धामणगाव गढीच्या बाजूचा चढ पुरेसा आहे. अन् हे सगळं डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात ४५ अंशात शर्यत ठेवली तर झाडूगाड्याच जास्त लागतील.

माणसं नाहीत असंही नाही. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, एकट्यानं बारा दिवसांच्या आत पार केली. पुढच्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत पुरी केली. असा माणूस ज्या गावात राहतो, त्या गावातल्या पोरानं सायकलची मोठी शर्यत फक्त मोबाईलवर पाहावी, हे काही पटत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. शर्यत आणायला माझा पाठिंबा आहे, पण तीन अटींवर.

पहिली अट जागेची. आपल्याकडे कार्यक्रम कोणताही असो, सगळ्यात चांगल्या जागेवर मांडव पडतो तो व्हीआयपींचा. सोफा, कूलर, पाण्याच्या बाटल्या. अन् ज्यांचा रस्ता पाच तास बंद केला ते लोक दोरीच्या पलीकडे. सायकल शर्यत हा सरकारी रस्त्यावरचा, लोकांच्या रस्त्यावरचा खेळ आहे. चढाच्या जागा, वळणाच्या जागा आधी जाहीर करा. तिथे पाणी, मुतारी, म्हाताऱ्यांना बसायला सोय करा. कोणत्या चौकातून किती वाजता शर्यत जाणार, त्याचा तक्ता चार दिवस आधी प्रत्येक वॉर्डात लावा. पाहुण्यांचा मांडव खुशाल घाला, पण चढावर नको.

दुसरी अट शाळांची. रस्ता बंद म्हणून शाळेला सुट्टी देणं सोपं आहे. सुट्टी दिली की पोरं घरी टीव्हीसमोर. त्यापेक्षा मार्गावरच्या प्रत्येक शाळेला रस्त्याकडेची एक जागा ठरवून द्या. मास्तरांनी आदल्या दिवशी सांगावं, पोरांनी कागदावर झेंडे काढावेत, अन् रांगेत उभं राहून डोळ्यांनी पाहावं. झेडपीच्या शाळेतल्या ज्या मुलीला सरकारी योजनेतून सायकल मिळते, तिला हे पाहायला मिळालं तर तिच्या मनात काय पेटेल, सांगता येत नाही.

तिसरी अट रस्त्याची, अन् माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. पुण्यात शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते गुळगुळीत झाले. लोक खूशही झाले अन् चिडलेही. आमच्या गल्लीतून शर्यत गेली नाही, हा आमचा गुन्हा काय, असा सवाल तिकडे आला. आपल्याला हा सवाल नवा नाही. दर डिसेंबरला अधिवेशन येतं तेव्हा विधानभवनाभोवतीचे रस्ते कसे चकाचक होतात, दुभाजकांना कसा रंग लागतो, अन् मोमिनपुरा-पारडीकडे तेव्हा काय हाल असतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहून राहिलो आहोत. शर्यत म्हणजे दुसरं अधिवेशन व्हायला नको.

२०२१ मध्ये केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज स्पर्धेत देशातल्या निवडक ११ शहरांत नागपूर होतं. बक्षीसही मिळालं. आता आज सकाळी घराबाहेर पडा अन् तुमच्या भागात सायकलवाल्यासाठी राखलेला, गाड्या न लागलेला शंभर मीटरचा सलग पट्टा शोधून दाखवा.

अन् सायकलवाला म्हटला की हेल्मेट घातलेला, लाखाची सायकल चालवणाराच डोळ्यासमोर आणू नका. त्याचं मला कौतुकच आहे. पण हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार सायकलनं जातो. पहाटे पेपर टाकणारा पोरगा सायकलनं जातो. रात्री दहाला सुटलेला चौकीदार अंधारात, मागे लाल दिवा नसलेल्या सायकलवर, ट्रकच्या बाजूनं जीव मुठीत धरून घरी जातो. त्याची शर्यत रोजची आहे. तिला ना पोलिसांचा ताफा, ना रुग्णवाहिका, ना कोणी टाळ्या वाजवणारं.

ज्या रस्त्यावरून जगातले सायकलपटू ताशी ४५ च्या वेगानं सुखरूप जाऊ शकतात, त्या रस्त्यावरून आपला माणूस ताशी १० च्या वेगानं सुखरूप घरी पोहोचला पाहिजे. शर्यतीच्या दिवशीच नव्हे, उरलेले ३६४ दिवसही. शर्यतीच्या निमित्तानं एवढं पदरात पाडून घेता आलं तर पाच तास रस्ता बंद झाल्याचं मला तरी दुःख नाही.

महापालिकेची निवडणूक याच जानेवारीत झाली. नवे नगरसेवक ताजे आहेत, फोन उचलतात अजून. भेटले की विचारून ठेवा: भाऊ, ताई, शर्यत आणाल तेव्हा आणा, आमच्या वॉर्डात सायकलचा पट्टा कधी?

अन् तोवर तुम्हीही सांगा. नागपुरात शर्यत आली तर पाहायला सगळ्यात झकास जागा कोणती? माझं मत तेलंगखेडीच्या चढाला. सकाळी सहालाच जाऊन धरणार आहे, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.