आणीबाणी संपली, जोखीम नव्हे

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तेव्हापासून आपल्या कार्यक्रमांत मास्क दिसेनासा झाला. एखाद्याने लावलाच तर त्याची थट्टा होते. एक डॉक्टर म्हणून मला ही थट्टा खटकते.

आणीबाणी संपली म्हणजे विषाणू संपला असे नव्हे. ताप उतरल्यावरही थकवा, धाप, छातीतील धडधड आणि विस्मरण काही रुग्णांना महिनोन्‌महिने छळते. अमेरिकेतील दीड लाखाहून अधिक बाधित माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. संसर्गानंतरच्या वर्षात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे त्यात आढळले; घरीच बरे झालेलेही त्यातून सुटले नव्हते. लस हा धोका कमी करते, नाहीसा करीत नाही. आपणा दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह व हृदयविकार मुळातच अधिक, म्हणून आपण अधिक सावध असावयास हवे.

याचा अर्थ घरात कोंडून घ्यावे, असा नाही. जयंतीच्या सभागृहाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हवा शुद्ध करणारे यंत्र लावावे. सर्दी-खोकला असणाऱ्याने त्या दिवशी घरीच थांबावे. दाटीत उत्तम प्रतीचा मास्क वापरावा, वेळच्या वेळी लस घ्यावी.

भारतातून नातवंडांना भेटायला आलेली वृद्ध आई आपल्याच शेजारी बसलेली असते. तिच्यासाठी मास्क लावणारा माणूस भित्रा नव्हे, जबाबदार असतो. निदान आपल्या सभागृहात तरी त्याला सन्मानाने बसता यावे.