पराक्रमाचे मोल

वाशिम असो वा रिसोड, कारंजा असो वा मानोरा, शाळकरी मुलांच्या बोलण्यात सांप्रत जपानी चित्रमालिकांतील वीरांची नावे येऊ लागली आहेत. परक्यांची कार्टुने म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु किशोरांचे साहसवेड मराठीला नवे नाही, भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने ते कधीच जोपासले आहे. तेव्हा प्रश्न मालिका कोणत्या देशाची हा नसून ती थोर कशाने ठरते, हा आहे.

जपानी भाषेत ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलगा. १९६८ साली निघालेल्या ‘शोनेन जंप’ या नियतकालिकाने मैत्री, परिश्रम आणि विजय ही त्रिसूत्री रूढ केली. यांपैकी विजय सर्वांत स्वस्त. प्रत्येक शत्रूनंतर अधिक बलाढ्य शत्रू उभा केला की तो मिळत राहतो. उगाच ताणलेल्या कित्येक मालिका याच वाटेने निस्सत्त्व झाल्या. थोर मालिका विजयाचे मोल नायकाकडून पुरेपूर वसूल करते.

हिरोमु अराकावा या होक्काइडोतील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या चित्रकर्तीची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही कथा पाहावी. मृत आईला परत आणू पाहणाऱ्या दोन भावांपैकी थोरला एक हात व एक पाय गमावतो, धाकटा संपूर्ण शरीर. अखेरीस धाकट्याला सोडवताना थोरल्याला आपली विद्याच देऊन टाकावी लागते. काही मिळवायचे तर तितकेच द्यावे लागते, हा नियम नायकालाही सुटत नाही. २००९-१० मधील तिची मालिका ६४ भागांत संपते. कोठे थांबावे हे कळणे हाही थोरपणाच होय.

‘नारुतो’त गावाने दूर लोटलेला अनाथ मुलगा परीक्षेत वारंवार नापास होतो. ज्या राक्षसी कोल्ह्याने इरुका या शिक्षकाचे आईवडील मारले, तोच त्या मुलाच्या देहात कोंडलेला आहे. तरीही इरुका त्याला आपला मानतो. त्या मुलाच्या पुढील साऱ्या पराक्रमाचा उगम या विश्वासात आहे.

या नादात अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार रास्त आहे आणि वेळेला मर्यादा हवीच. परंतु मागच्या बाकावरचा नापास मुलगा पडद्यावर जो इरुका शोधतो, तो त्याला वर्गात भेटतो काय, याचेही उत्तर आपण दिले पाहिजे.