मुलाचे नाव ठेवताना



इंदोरा बुद्धविहारामुळे भदंत सुरेई ससाई हे नाव नागपूरच्या वस्त्या-वस्त्यांत पोहोचले. 1992 च्या महाबोधी मुक्ती आंदोलनाने ते देशभर गेले. पण या नावाचा अर्थ आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ससाई हे आडनाव. जपानात ते आधी लिहितात. ‘शुरेई’ हे भिक्खू झाल्यावरचे नाव. ‘शु’ म्हणजे श्रेष्ठ, ‘रेई’ म्हणजे पर्वतशिखर.

जपानी मुलांची नावे अशीच अर्थाची असतात. माकोतो म्हणजे सच्चा, मानाबु म्हणजे शिकणारा, सुसुमु म्हणजे पुढे जाणारा, अकिरा म्हणजे तेजस्वी. सातोरु म्हणजे बोध होणे. आपल्या ‘बुद्ध’ शब्दाच्या अगदी जवळचा अर्थ! थोरल्या मुलाला इचिरो आणि दुसऱ्याला जिरो, अशी नुसत्या क्रमाची नावेही आहेत. उच्चार एकच असला तरी लिहिण्याचे अक्षर बदलले की अर्थ बदलतो. म्हणून तिथले आईबाप अक्षर विचारपूर्वक निवडतात.

पण नावाचे हत्यारही होते. जपानातील बुराकुमिन या बहिष्कृत समाजाच्या मृतांना काही बौद्ध मंदिरांनी ‘पशू’, ‘सेवक’ अशा अर्थाची अक्षरे घातलेली मरणोत्तर नावे दिली. ती थडग्यांवर कोरली गेली. पुढे चळवळीच्या रेट्याने धर्मपंथांना ती दुरुस्त करावी लागली.

आपल्याला हे नवे नाही. शूद्राचे नाव निंदासूचक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. कचरू, धोंड्या, दगडू ही नावे आपल्या आजे-पणज्यांनी वागवली. काही वेळा पोर जगावे म्हणूनही ती ठेवली जात. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्म दिला आणि आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, नागसेन, मिलिंद अशी नावे नांदू लागली. यातला मिलिंद तर मूळचा ग्रीक राजा मिनँडर! नागसेनांना प्रश्न विचारता विचारता तो आपला झाला. तेव्हा नाव परदेशी आहे की देशी, हा मुद्दाच नाही.

मुद्दा अर्थाचा आहे. आज पुस्तिका उघडून कानाला गोड लागेल ते दोन अक्षरी नाव ठेवले जाते. शाळेत बाईंनी अर्थ विचारला की मूल गप्प, आणि घरी आईबापही गप्प! सातोरु ठेवा नाहीतर सिद्धार्थ ठेवा, पण ते का ठेवले हे मुलाला सांगा. अर्थ ठाऊक असलेले मूल चारचौघांत आपले नाव खाली मान घालून सांगत नाही.

एक कामाची गोष्ट. जन्मनोंदणीत मुलाचे नाव घातले नसेल, तर नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते. दाखल्यावरचे अक्षर न् अक्षर तपासून घ्या. पुढे शाळेत आणि नोकरीत तेच चालते.

नमो बुद्धाय! जयभीम!