'म्या' चुकीचं की जुनं?



आपल्या मंठा तालुक्यातलं पोरगं निबंधात कधी ना कधी लिहितंच, "म्या आंबा खाल्ला, मपलं दप्तर भरलं." मीही कितीतरी वर्षं अशा 'म्या'खाली लाल पेनानं रेघ ओढली. आता ती रेघ मलाच सलते. का, ते सांगतो.

संस्कृतात 'मी'ला 'अहम्' म्हणतात. पण आपला 'मी' काही अहम् पासून आलेला नाही. अहम् चा वंश कोकणीत 'हांव' आणि गुजरातीत 'हुं' म्हणून चालू आहे. आपला 'मी' आला 'मया' पासून, म्हणजे 'माझ्याकडून' या अर्थाच्या तृतीयेच्या रूपापासून. म्हणून तर 'मी आंबा खाल्ला', पण 'मी भाकरी खाल्ली'. क्रियापद माझ्याकडे बघतच नाही, ते आंब्याकडे नि भाकरीकडे बघतं. कर्मणी प्रयोग शिकवताना आपल्याला घाम फुटतो ना, त्याचं मूळ इथं आहे!

ज्ञानेश्वरीत (इ.स. १२९०) या तृतीयेसाठी 'मियां' असं वेगळं रूप आहे. पुढे त्याचं 'म्यां' झालं, जुन्या व्याकरणांच्या विभक्तीच्या तक्त्यात ते सापडेल. प्रमाण मराठीनं ते सोडलं, आपल्या खेड्यांनी ठेवलं. मग "म्या आंबा खाल्ला" हे अशुद्ध कसं? हां, पोरं "म्या गेलतो" पण म्हणतात, तिथं मात्र जुना नियम मोडतो, हे कबूल.

'आम्ही' आणि 'आपण' यांचंही असंच. 'आम्ही' संस्कृतच्या 'अस्म-' वरून आला, 'आपण' आला 'आत्मन्' वरून, म्हणजे 'स्वतः'. "आम्ही जत्रेला चाललो" म्हटलं की ऐकणारा मागं राहिला, "आपण जाऊ" म्हटलं की तोही बैलगाडीत. हा फरक संस्कृतात नाही, शेजारच्या तेलुगूत मात्र आहे: 'मेमु' आणि 'मनमु'. आणि गंमत बघा, उत्तर चीनमध्ये समोरच्याला धरून 'आपण' म्हणायला 'झानमन' म्हणतात, त्यातला 'झान'सुद्धा 'स्वतः' या अर्थाच्याच शब्दावरून घडलाय. कुठं चीन, कुठं मंठा!

आता मी रेघ ओढत नाही. शेजारी 'मी' लिहितो आणि सांगतो, "परीक्षेत हे लिही, आजीशी ते बोल." 'मपलं'वरून स्टाफरूममध्ये वाद अजून चालूच आहे.